कारण शोधणारा माणूस : योहान्स केप्लर

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, ही म्हण तुम्ही ऐकलीच असेल. फांदी आतून कुजलेली असते, वारा सुटलेला असतो, ती पडणारच असते. नेमका त्याच वेळी कावळा येऊन बसतो आणि पाहणारा म्हणतो, कावळ्यानं फांदी मोडली! दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या म्हणजे पहिली दुसरीचं कारण झाली का? आणि जगात जे काही घडतं, त्याला कारण असतंच का? असलं तर ते माणसाच्या बुद्धीला सापडू शकतं का?

या प्रश्नांमागे आयुष्यभर धावलेल्या एका माणसाची आज ओळख करून घेऊ. योहान्स केप्लर. दहावीला गेल्यावर विज्ञानाच्या गुरुत्वाकर्षणाच्या पाठात त्याचे तीन नियम तुम्हाला भेटतील. मुलं ते पाठ करतात, आकृती काढतात, गुण मिळवतात. पण हे नियम शोधणाऱ्या माणसाच्या आईला चेटकीण म्हणून साखळदंडात ठेवलं होतं आणि तिला सोडवायला तो स्वतः न्यायालयात उभा राहिला, हे पाठात येत नाही. म्हणून हा लेख.

केप्लरचा जन्म २७ डिसेंबर १५७१ रोजी जर्मनीतल्या वाइल डेर श्टाट या छोट्या गावात झाला. वडील भाडोत्री सैनिक. ते लढाईवर जायचे, परत यायचे, पुन्हा जायचे. शेवटी गेले ते परत आलेच नाहीत. आई काथारिना ही खानावळवाल्याची मुलगी. झाडपाला, मुळ्या, काढे यांची तिला चांगली माहिती होती. अशी आजीबाई आपल्याकडेही गावोगाव असायची, नाही का? लहानपणी योहान्सला देवी आल्या. तो वाचला, पण नजर कायमची अधू झाली आणि हातही नीट चालेनात. पुढे ज्याला आकाशाचा हिशोब मांडायचा होता, त्याचेच डोळे कमजोर!

१५७७ साली आकाशात एक मोठा धूमकेतू दिसला. आई पोराला हाताला धरून उंच जागी घेऊन गेली आणि तिनं तो दाखवला. त्याच दिवसांत दूर डेन्मार्कमध्ये टायको ब्राहे नावाचा एक श्रीमंत सरदार त्याच धूमकेतूची मोजमापं घेत होता. या दोघांची गाठ पडायला अजून बावीस-तेवीस वर्षं होती.

मुलगा हुशार, घरात पैसा नाही. शिष्यवृत्ती मिळाली म्हणून शिकला. ट्यूबिंगेनच्या विद्यापीठात त्याला धर्मगुरू व्हायचं होतं. तिथं मेस्टलिन नावाचे एक शिक्षक भेटले. सूर्य मध्ये आणि पृथ्वीसह सगळे ग्रह त्याच्याभोवती फिरतात हा कोपर्निकसचा विचार त्यांनी त्याला समजावला. पोराच्या डोक्यात तो पक्का बसला.

१५९४ मध्ये ग्राट्स या गावी गणिताच्या शिक्षकाची जागा रिकामी झाली आणि केप्लरला तिथं पाठवलं. शिक्षक म्हणून तो फारसा यशस्वी नव्हता, बरं का! पहिल्या वर्षी थोडेच विद्यार्थी आले आणि दुसऱ्या वर्षी एकही नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर पटसंख्या शून्य. शाळेच्या अधिकाऱ्यांनी मात्र त्याला दोष दिला नाही, दुसरे विषय शिकवायला दिले. (हे वाचताना आम्हा शिक्षकांना जरा बरं वाटतं.)

त्याच्या नोकरीत एक काम असंही होतं की दरवर्षी पंचांगासारखी दिनदर्शिका तयार करायची आणि वर्षाचं भविष्य लिहायचं. १५९५ सालासाठी त्यानं लिहिलं, कडाक्याची थंडी पडेल, तुर्क चाल करून येतील, शेतकऱ्यांमध्ये असंतोष होईल. तिन्ही गोष्टी घडल्या आणि केप्लरचं नाव झालं! आता तुम्हीच सांगा, त्या भागात हिवाळ्यात थंडी पडणं आणि सीमेवर तुर्क येणं यात नवल ते काय? कावळा बसला, फांदी मोडली. पण माणसाला मान मिळाला तो त्यामुळेच.

खरी गोष्ट वर्गात घडली. १९ जुलै १५९५ रोजी तो फळ्यावर गुरू आणि शनी यांच्या युतीची आकृती काढत होता. वर्तुळात त्रिकोण, त्रिकोणाच्या आत पुन्हा वर्तुळ. काढता काढता त्याच्या मनात आलं, ग्रह सहाच का? तेव्हा बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, गुरू, शनी एवढेच ग्रह माहीत होते. आणि त्यांच्यामध्ये एवढंच अंतर का? देवानं जग बुद्धीनं बनवलं असेल तर त्यामागं काहीतरी हिशोब असणारच, अशी त्याची पक्की श्रद्धा होती. भूमितीत सगळ्या बाजू सारख्या असलेले घनाकार पाचच असतात. सहा ग्रहांच्या मध्ये जागा किती? पाच! झालं. प्रत्येक दोन ग्रहांच्या मध्ये एकेक घनाकार बसवून त्यानं विश्वाचा आराखडा तयार केला आणि १५९६ मध्ये पुस्तक छापलं.

कल्पना सुंदर होती आणि चुकीची होती. पुढं १७८१ मध्ये युरेनस सापडला, मग नेपच्यून, आणि सहाचा हिशोब कोसळला. आज आपल्याला माहीत आहे की ग्रह किती असावेत याला असं काही गुप्त गणित नाही. सूर्याभोवतीच्या वायू आणि धुळीतून ते तयार झाले, जेवढे टिकले तेवढे टिकले. दुसऱ्या ताऱ्यांभोवती वेगळ्या संख्येनं ग्रह आहेत. म्हणजे केप्लरचा पहिलाच प्रश्न असा निघाला की ज्याला त्याला हवं होतं तसं उत्तरच नव्हतं. पण हे मी आज चारशे वर्षांनी सांगतोय. त्या प्रश्नाच्या नादानं तो पुढं जिथं पोचला, तिथं तो या नादाशिवाय पोचला नसता असं मला वाटतं.

आराखडा खरा की खोटा हे तपासायचं तर अचूक मोजमापं पाहिजेत. ती जगात एकाच माणसाकडं होती, टायको ब्राहेकडं. दुर्बीण अजून यायची होती, पण मोठमोठी उपकरणं लावून नुसत्या डोळ्यांनी त्यानं वर्षानुवर्षं ग्रहांच्या जागा टिपून ठेवल्या होत्या. टायको तेव्हा सम्राट रुडॉल्फच्या पदरी प्रागजवळ राहत होता. १६०० साली केप्लर त्याच्याकडं गेला. त्याच वर्षी धर्म बदलायला नकार दिला म्हणून ग्राट्समधून त्याला हाकलण्यात आलं, त्यामुळे परतीची वाटच उरली नाही. टायकोनं त्याला सगळ्यात अवघड ग्रह दिला, मंगळ. केप्लरनं बढाई मारली की आठ दिवसांत सोडवतो! लागली जवळजवळ पाच वर्षं. मध्येच, ऑक्टोबर १६०१ मध्ये टायको वारला आणि केप्लर राजगणिती झाला.

आता जरा लक्ष देऊन वाचा, कारण इथं खरी गंमत आहे. त्याच्या आधीचे सगळे विद्वान ग्रह कुठं दिसेल एवढाच हिशोब करत. वर्तुळावर वर्तुळ चढवायचं, आकडा जुळला की झालं. ग्रह फिरतो कशामुळे हा प्रश्न आकाशाच्या गणितात कुणी विचारतच नसे. कोपर्निकसचा हिशोबही सूर्यापासून नव्हता. सूर्याच्या शेजारच्या एका रिकाम्या बिंदूपासून होता. केप्लर म्हणाला, रिकामा बिंदू कुणाला ढकलणार? ग्रहाला फिरवणारं काही असेल तर ते सूर्यातच असलं पाहिजे. मग मोजायचं ते सूर्यापासूनच. ग्रह सूर्याजवळ आला की वेगानं जातो, लांब गेला की मंदावतो, हे त्याला लगेच पटलं, कारण शेकोटीजवळ ऊब जास्त आणि लांब कमी, तसं.

मंगळासाठी त्यानं एक वर्तुळाकार मार्ग बसवला. सत्तरएक वेळा तोच हिशोब पुन्हा पुन्हा केला. शेवटी गणित टायकोच्या आकड्यांशी जवळजवळ जुळलं. फरक राहिला आठ कलांचा. आठ कला म्हणजे किती? हात लांब करून करंगळी आकाशासमोर धरा. करंगळीची रुंदी साधारण एक अंश. एका अंशात ६० कला. म्हणजे आठ कला हा करंगळीच्या जाडीचा जेमतेम सातवा-आठवा हिस्सा! पौर्णिमेचा चंद्र घेतला तर त्याचा पाव भाग. कोपर्निकसला दहा कलांची चूक चालली असती. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, चालतंय की. पण टायकोच्या मोजमापात एवढी चूक असूच शकत नाही हे केप्लरला माहीत होतं. मग चूक कुणाची? आपल्या वर्तुळाची. त्यानं अनेक वर्षांचं काम बाजूला सारलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. १६०५ मध्ये त्याला मार्ग सापडला. ते वर्तुळ नव्हतंच, लंबवर्तुळ होतं, आणि सूर्य त्याच्या एका नाभीवर. दोन हजार वर्षं आकाशात वर्तुळच असणार असं सगळे धरून चालले होते. १६०९ साली हे पुस्तक छापलं गेलं आणि कारणांवर आधारलेलं नवं खगोलशास्त्र असं त्यानं त्याच्या नावातच म्हटलं.

ग्रहाला ढकलणारं बल चुंबकासारखं असावं असं त्याला वाटलं. ते चुकलं. ग्रहाला सतत ढकलावं लागतं हेही चुकलं. खरं कारण न्यूटननं १६८७ मध्ये सांगितलं. भरती-ओहोटी चंद्राच्या ओढीमुळे होते असंही केप्लरनं लिहिलं होतं आणि ते बरोबर होतं. पण गॅलिलिओसारख्या माणसानं ती जादूटोण्यासारखी कल्पना म्हणून उडवून लावली. म्हणजे कारण कुणाला म्हणायचं यावर थोरामोठ्यांचंही एकमत होत नव्हतं.

केप्लर स्वतःही एकदा कावळ्याला फसलाच. १६०४ मध्ये गुरू, शनी आणि मंगळ आकाशात एकत्र आले आणि नेमका त्यांच्याजवळच एक नवा तेजस्वी तारा उगवला. हा योगायोग असेल, हे केप्लरला काही पटेना. त्यावर त्यानं पुस्तक लिहिलं आणि त्यात घरातली एक गोष्ट सांगितली आहे. लिहून लिहून दमला होता, बायकोनं जेवायला हाक मारली. ताटात सॅलड होतं, आपली कोशिंबीर म्हणा. तो तिला म्हणाला, पानं, मीठ, तेल, व्हिनेगर, अंड्याच्या फोडी हे सगळं अनंत काळ हवेत उडत राहिलं तर कधीतरी आपोआप सॅलड तयार होईल म्हणायचं! बायको म्हणाली, होईलही, पण माझ्या हातच्यासारखं होणार नाही. आज आपल्याला माहीत आहे की तो तारा फुटला होता हजारो वर्षांपूर्वी, त्याचा उजेड तेव्हा पोचला इतकंच. ग्रहांच्या एकत्र येण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. तो निव्वळ योगायोग होता.

आणखी एक प्रश्न त्यानं विचारला तो मला सगळ्यात आवडतो. प्रागमध्ये बर्फ पडत होता, त्याच्या कोटावर हिमकण पडले. प्रत्येकाला सहाच टोकं! पाच का नाहीत, सात का नाहीत? १६११ मध्ये नव्या वर्षाची भेट म्हणून त्यानं एका मित्राला यावरच छोटी पुस्तिका लिहून दिली. मधमाशीचं पोळं, डाळिंबाचे दाणे, सगळं तपासलं आणि शेवटी उत्तर मिळालं नाही असं सांगून हा प्रश्न त्यानं रसायन जाणणाऱ्यांवर सोपवला. याला मात्र कारण होतं. पाण्याचे रेणू गोठताना सहा कोनांत रचले जातात. ते कळायला विसावं शतक उजाडलं.

त्यानंतरचा काळ फार वाईट गेला. १६११ मध्येच सहा वर्षांचा मुलगा फ्रीडरिख देवीनं गेला, पाठोपाठ बायको बार्बारा गेली. सम्राटालाही गादी सोडावी लागली. केप्लर लिंझ शहरात गेला, पुन्हा लग्न केलं. फेब्रुवारी १६१८ मध्ये आणखी एक लहान मुलगी गेली. त्याच वर्षी मे महिन्यात त्याला तिसरा नियम सापडला. ग्रहाच्या सूर्यापासूनच्या अंतराचा घन आणि त्याच्या वर्षाचा वर्ग यांचं प्रमाण सगळ्या ग्रहांना सारखंच. करून बघा. पृथ्वीचं अंतर १ धरलं तर गुरूचं ५.२. त्याचा घन साधारण १४०.६. गुरूचं एक वर्ष म्हणजे आपली ११.८६ वर्षं, त्याचा वर्ग साधारण १४०.७. त्याच मे महिन्यात प्रागमध्ये भांडण पेटलं आणि तीस वर्षं चालणारं युद्ध सुरू झालं.

आता आईची गोष्ट. ती लेओनबर्ग या गावात राहत होती. म्हातारी होती, जिभेची तिखट होती, घराघरांत काढे देत होती. १६१५ मध्ये उर्सुला राइनबोल्ड नावाच्या बाईनं आरोप केला की काथारिनानं दिलेलं कडू पेय प्यायले आणि तेव्हापासून मी आजारी आहे. एकीनं बोट दाखवल्यावर बाकीचे कशाला मागं राहतात? कुणाला आठवलं, म्हातारी दारावरून गेली आणि जनावर आजारी पडलं. शाळामास्तर म्हणाला, मी तिच्याकडं प्यायलो आणि पाय लुळे पडले. एका मुलीला रस्त्यात म्हातारीचा धक्का लागला आणि हात दुखायला लागला. तेव्हा त्या भागात चेटकीण ठरवलेल्या बायकांना ठार मारलं जात होतं, त्यामुळे हा खेळ नव्हता. ऑगस्ट १६२० मध्ये रात्रीच्या वेळी मुलीच्या घरातून काथारिनाला एका पेटाऱ्यात घालून उचलून नेलं. वय सत्तरीच्या पुढं. तिला साखळीनं बांधून चौदा महिने कैदेत ठेवलं.

केप्लर तेव्हा युरोपातला नावाजलेला गणिती होता. आईची लाज वाटून लांब राहिला असता तर त्याला कुणी काही विचारलं नसतं. पण तो लिंझ सोडून निघाला आणि खटला अंगावर घेतला. त्यात त्याला वर्ष गेलं. आरोपी आपल्या मुलाला सोबत घेऊन आली आहे याची न्यायालयाच्या लेखनिकानं नाराजीनं नोंद केली, असं सांगतात. शंभराहून अधिक पानांचा बचाव त्यानं तयार केला. त्यात त्यानं तेच केलं जे मंगळाच्या बाबतीत केलं होतं, एकेक नोंद घेतली आणि कशामुळे हे विचारलं. उर्सुला आजारी होती खरी, पण ती आधीपासून औषधं घेत होती, तिचा आजार जुना होता. मास्तर लंगडा झाला कारण ओझं घेऊन त्यानं चर उडी मारून ओलांडला होता. मुलीचा हात दुखला कारण ती विटा वाहत होती. साक्षीदार काय म्हणाले, केव्हा म्हणाले, आधी काय म्हणाले होते आणि नंतर काय, सगळं त्यानं समोरासमोर मांडलं. चेटूक नसतंच, असं मात्र तो म्हणाला नाही. तसं म्हणणं त्या काळी शक्य नव्हतं, आणि कदाचित त्यालाही तसं वाटत नसेल. या बाईवर ठेवलेल्या प्रत्येक आरोपाला साधं, रोजचं कारण आहे, एवढंच तो म्हणत राहिला.

म्हातारी रडत नाही म्हणून ती चेटकीण, असाही एक पुरावा होता! आयुष्यात इतकी रडले की आता पाणी उरलं नाही, अशा अर्थाचं तिनं सांगितलं. सप्टेंबर १६२१ मध्ये शेवटचा निकाल असा लागला की तिला छळाची हत्यारं दाखवायची, वापरायची नाहीत, आणि कबूल करते का पाहायचं. तिला त्या खोलीत नेलं. एकेक हत्यार दाखवलं. तिनं काहीही कबूल केलं नाही. मग सुटली. सहा महिन्यांनी, एप्रिल १६२२ मध्ये ती वारली.

केप्लरला एक गोष्ट आयुष्यभर टोचत राहिली. त्यानं चंद्रावरच्या प्रवासाची एक कथा लिहिली होती. त्यातल्या नायकाची आई झाडपाला जाणणारी, मंत्र जाणणारी दाखवली होती. त्या कथेचं हस्तलिखित हातोहात फिरलं आणि त्यातूनच आपल्या आईबद्दल कुजबुज सुरू झाली, असं त्याला वाटायचं. लोकांच्या आरोपांची कारणं शोधणारा माणूस स्वतःलाच कारण समजत होता. ते खरं होतं की तोही एक कावळाच होता?

पोटासाठी तो पत्रिका शेवटपर्यंत मांडत राहिला. सेनापती वालेनस्टाइनचीही मांडली. ग्रहांचा माणसावर काही परिणाम होत असावा असं त्याला वाटायचं, पण बाजारातल्या ज्योतिषावर तो चिडायचा. १६२७ मध्ये टायकोच्या आकड्यांवरून आणि स्वतःच्या नियमांवरून ग्रहांची कोष्टकं त्यानं छापली. १५ नोव्हेंबर १६३० रोजी रेगेन्सबुर्गमध्ये तापानं तो गेला. तिथं तो थकलेला पगार मागायला गेला होता. त्याची कबरही युद्धात नाहीशी झाली.

जाण्याआधी त्या कोष्टकांवरून त्यानं एक गोष्ट लिहून ठेवली होती. ७ नोव्हेंबर १६३१ रोजी बुध सूर्याच्या बिंबावरून जाईल. असं काही तोवर कुणी पाहिलेलं नव्हतं. त्या दिवशी पॅरिसमध्ये पिएर गासेंदी यांनी खोली अंधारी करून सूर्याची प्रतिमा कागदावर पाडली. आकाशात ढग होते. मध्येच ऊन पडलं आणि कागदावर एक बारीकसा काळा ठिपका दिसला. इतका लहान ठिपका बुध असणार नाही, सौरडाग असावा, असं त्यांना वाटलं. थोड्या वेळानं पाहिलं तर ठिपका पुढं सरकला होता. सौरडाग इतक्या वेगानं सरकत नाही.